बोकडाचे शिंग आणि नवगावची खडपे

अलेक्झांडर कोकणात आला नाही. इ.स.पू. ३२६ मध्ये बियास नदीच्या काठी त्याच्या सैन्याने पुढे चालायला नकार दिला, तो तिथून मागे वळला आणि तीन वर्षांनी, वयाची तेहतीस वर्षे पुरी व्हायच्या आत, बाबिलोनमध्ये मेला. बियासचा तो काठ आमच्या मालवणपासून सरळ रेषेत १७०० किलोमीटरच्या आसपास असेल. तरीही आमच्याकडे एखाद्याला लॉटरी लागली की लोक म्हणतात, ‘नशीब सिकंदर आहे त्याचं!’ हा सिकंदर फारसी-उर्दूच्या वाटेने आला आणि पुढे हिंदी सिनेमाने तो घरोघर पोचवला. त्याच्याविषयी मला इथे लिहायचे नाही.

अलेक्झांडर कोकणात आणखी एका वाटेने पोचला आहे, आणि ती वाट यहुदी धर्मग्रंथातून येते. ती जिथे किनाऱ्याला लागते ते ठिकाण म्हणजे अलिबागच्या उत्तरेचे नवगाव. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचे गलबत इथे फुटले. ते गलबत ज्या राजाच्या जाचामुळे निघाले असे सांगतात, तो राजा अलेक्झांडरच्या साम्राज्याच्या तुकड्यांपैकी एका तुकड्यावर बसलेला होता. या कथेतला कोणता धागा किनाऱ्यावरचा आणि कोणता ग्रंथातून आलेला, हे वेगळे करता येते का, एवढाच माझा प्रश्न आहे. प्रश्न लहान दिसतो. पण या उत्तरावर एके काळी माणसांची लग्ने अडली होती.

आधी ग्रंथाकडे जाऊ. बायबलच्या जुन्या करारात दानीएल नावाचे पुस्तक आहे. दानीएल हा बाबिलोनला बंदिवान म्हणून नेलेला यहुदी तरुण. पुस्तकाच्या आठव्या अध्यायात त्याला दृष्टांत होतो. नदीकाठी दोन शिंगांचा एक एडका उभा आहे, त्याच्यापुढे कोणाचा टिकाव लागत नाही. तेवढ्यात पश्चिमेकडून एक बोकड येतो. त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत इतका त्याचा वेग आहे आणि दोन डोळ्यांच्या मधोमध त्याला एकच ठसठशीत शिंग आहे. तो एडक्याला धडक देतो, त्याची दोन्ही शिंगे मोडतो, त्याला पायाखाली तुडवतो. पण बोकड अगदी बळाच्या भरात असतानाच त्याचे ते मोठे शिंग मोडते आणि त्या जागी चार शिंगे उगवतात. त्या चारांपैकी एकातून पुढे एक लहानसे शिंग फुटते, ते वाढत जाते आणि शेवटी मंदिरातला नित्याचा होम बंद पाडते. अर्थ सांगायला गब्रिएल देवदूत येतो. एडका म्हणजे मेदी आणि पारशी राजे, बोकड म्हणजे ‘यावान’चा राजा, मोठे शिंग म्हणजे त्यांचा पहिला राजा.

यातला ‘यावान’ हा शब्द वाचून मराठी वाचकाने थबकायलाच हवे. मी हिब्रू शिकलो ती कोश आणि व्याकरण समोर ठेवून, अक्षर लावत लावत. पण हा शब्द लावायला मला कोश लागला नाही. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या आयोनियन ग्रीकांवरून इराणी लोकांनी त्यांना ‘यौन’ म्हटले, हिब्रूत ते ‘यावान’ झाले, संस्कृतात ‘यवन’ आणि प्राकृतात ‘योन’. पाणिनीने यवनांच्या लिपीसाठी ‘यवनानी’ हे रूप सांगितले आहे. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटच्या यवनांनी दिलेल्या खांबांवर तो शब्द कोरलेला आहे. नाशिकच्या लेण्यात धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त स्वतःला ‘योनक’ म्हणवतो. पुढे या शब्दाचे काय झाले ते बखरी वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. ग्रीक विस्मरणात गेले आणि ‘यवन’ मुसलमानांना चिकटला. मूळ अर्थाने घेतला तर दानीएलाच्या दृष्टांतातला बोकड हा यवन राजा आहे, आणि तो आपल्या शब्दकोशातलाच यवन आहे.

हा बोकड म्हणजे अलेक्झांडर, याविषयी जुन्या-नव्या भाष्यकारांत फारसा वाद नाही. पश्चिमेकडून आला, वेगाने आला, इराणी साम्राज्य मोडले, ऐन भरात मेला, आणि राज्य सेनापतींनी वाटून घेतले. एक गंमत इथेच सांगून टाकतो. लिसिमाकस या त्याच्या सेनापतीने पाडलेल्या नाण्यांवर अलेक्झांडरच्या कानाशी एडक्याचे वळलेले शिंग आहे, अमोन देवाचे. कुराणात ‘जुलकरनैन’, म्हणजे दोन शिंगांचा, असा एक राजा येतो आणि अनेक भाष्यकारांनी तो अलेक्झांडर मानला आहे. शिंगांनी या माणसाची पाठ कुठेच सोडली नाही.

यहुदी परंपरा दृष्टांतावर थांबली नाही. तिने राजाला ग्रंथाच्या भेटीलाच आणले. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस जोसेफस या यहुदी इतिहासकाराने ही कथा दिली आहे. इ.स.पू. ३३२. अलेक्झांडरने टायरला वेढा घातला तेव्हा त्याने यरुशलेमच्या मुख्य याजकाकडे मदत मागितली. याजकाचे नाव यद्दूवा. त्याने इराणच्या राजाला दिलेली शपथ मोडायला नकार दिला. टायर पडले, गाझा पडले आणि अलेक्झांडर संतापून यरुशलेमवर चालून आला. यद्दूवा शुभ्र वस्त्रे नेसलेल्या लोकांना घेऊन नगराबाहेर सामोरा गेला. त्याच्या अंगावर जांभळा आणि सोनेरी पोशाख, मस्तकावर देवाचे नाव कोरलेली सोन्याची पट्टी. अलेक्झांडर पुढे झाला आणि त्याने त्या नावाला वंदन केले. सेनापती पार्मेनिअन चकित होऊन विचारतो, हे काय? राजा सांगतो, मॅसेडोनियात असताना हाच पोशाख घातलेला पुरुष मी स्वप्नात पाहिला होता, त्यानेच मला पुढे हो म्हटले. मग नगरात त्याला दानीएलाचे पुस्तक दाखवण्यात आले. इराणी सत्ता मोडणारा तो ग्रीक आपणच, हे वाचून तो खूश झाला आणि त्याने यहुद्यांना आपल्या कायद्याप्रमाणे राहण्याची मुभा व दर सातव्या वर्षी करमाफी दिली. सातव्या वर्षी, कारण त्या वर्षी ते लोक शेत पडीक ठेवतात.

कथा सुरेख आहे आणि बहुधा घडलेली नाही. अलेक्झांडरच्या मोहिमेचा आपल्याला मिळणारा सर्वांत भरवशाचा वृत्तान्त अरियनचा. त्यात गाझा पडल्यावर राजा थेट मिसरला निघतो आणि सातव्या दिवशी पेलुसिअमला पोचतो. यरुशलेमचे नावही नाही. तालमुदमध्ये हीच भेट वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या याजकाच्या नावावर सांगितली आहे. तिथे यद्दूवाच्या जागी शिमोन नीतिमान येतो. बखर वाचायची सवय असलेल्याला ही जात लगेच ओळखू येते. चालून आलेला बलाढ्य राजा सत्पुरुषापुढे वाकतो आणि इनाम देऊन जातो. अशा कथेत खरे काय असेल तर ती सनद. करमाफी आणि आपल्या कायद्याने जगण्याचा हक्क या गोष्टींना थोरल्या राजाचे नाव जोडलेले असले की धाकटे राजे त्या सहसा मोडत नाहीत. आपल्याकडच्या देवस्थानांची जुनी दफ्तरे चाळली तरी हे कळते.

खरी अडचण मात्र पुढची आहे. इ.स.पू. ३३२ मध्ये दाखवायला दानीएलाचे हे पुस्तक होते का? तिसऱ्या शतकातल्या पोर्फिरी नावाच्या ग्रीक पंडिताने पहिल्यांदा ठासून सांगितले की नव्हते. त्याचे ग्रंथ नष्ट झाले. त्याचे म्हणणे आपल्याला कळते ते त्याचे खंडन करणाऱ्या संत जेरोममुळे. पोर्फिरीचा युक्तिवाद आजही बहुतेक अभ्यासक मान्य करतात. अकराव्या अध्यायात ग्रीक राजांच्या लढाया, लग्ने आणि दगाफटके इतके तंतोतंत येतात की तो इतिहासच वाटतो. पण शेवटच्या राजाचा मृत्यू समुद्र आणि पवित्र डोंगर यांच्या दरम्यान होईल असे सांगितले आहे, आणि तो प्रत्यक्षात मेला दूर इराणात, इ.स.पू. १६४ मध्ये. भविष्य जिथे चुकते तिथे लेखक बसलेला असतो. म्हणून पुस्तकाचा हा भाग इ.स.पू. १६५ च्या सुमारास लिहिला गेला असे मानतात. श्रद्धावान यहुदी आणि ख्रिस्ती हे मानत नाहीत, आणि त्यांचा तो हक्क आहे. मला पोर्फिरीचे पटते.

तो शेवटचा राजा म्हणजे दृष्टांतातले लहान शिंग, अँटिओकस चौथा, उपनाव एपिफनीस. अशोकाच्या दुसऱ्या आणि तेराव्या शिलालेखांत ‘अंतियोक’ नावाचा योनराजा येतो तो बहुधा याच्या पणजोबा. (तेराव्या लेखात ‘अलिकसुदर’ही आहे, पण तो आपला अलेक्झांडर नव्हे, ग्रीसमधला पुढचा त्याच नावाचा एक लहान राजा.) अँटिओकस इ.स.पू. १७५ मध्ये गादीवर आला. इ.स.पू. १६७ मध्ये त्याने यरुशलेमच्या मंदिरात ग्रीक देवाची पूजा सुरू केली आणि सुंता, शब्बाथ व धर्मग्रंथ बाळगणे यांवर मृत्युदंड लावला. मक्काबी घराण्याने बंड केले आणि इ.स.पू. १६४ मध्ये मंदिर परत घेऊन शुद्ध केले. त्या शुद्धीचा सण म्हणजे हनुक्का. आठ रात्री दिवे लावतात. हिब्रू महिन्याच्या पंचविसाव्या तिथीला सुरू होऊन हा सण अमावास्या ओलांडून जातो. दिवाळीसारखाच अंधाऱ्या पंधरवड्याच्या टोकावरचा, फक्त एखाद-दुसऱ्या महिन्याने पुढे.

मक्काबींच्या पहिल्या पुस्तकाची सुरुवात फिलिपचा मुलगा अलेक्झांडर याच्यापासूनच होते, म्हणजे या बंडाचे मूळ कुठे शोधायचे याविषयी त्या लेखकाला शंका नव्हती. त्याच पुस्तकात यहुद्यांवर चालून आलेल्या हत्तींचे वर्णन आहे आणि प्रत्येक हत्तीवर एक ‘हिंदी’ माहूत बसल्याचे सांगितले आहे. चंद्रगुप्त मौर्याने सेल्यूकसला ५०० हत्ती दिले होते; तेव्हापासून त्या सैन्यात हत्ती आणि माहूत आले. पुढे ग्रीकमध्ये ‘हिंदी’ या शब्दाचा अर्थच माहूत असा झाला, त्यामुळे हे माहूत खरोखर आपल्याकडचे होते असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरी हनुक्काच्या कथेत आपल्या देशाचे नाव येते ते शत्रूच्या बाजूने, हे लक्षात राहते.

आता नवगाव. चौल हे प्राचीन बंदर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ते ‘सेमिल्ला’ म्हणून येते आणि त्याच्या दक्षिणेला आमच्या बाजूची बंदरे ओळीने दिली आहेत. त्यांतले ‘मेलिझैगारा’ म्हणजे जयगड की मालवण आणि ‘बायझँटिऑन’ म्हणजे विजयदुर्ग की आणखी काही, यावर शंभर-दीडशे वर्षे विद्वानांची शाई खर्च झाली आहे. परंपरा अशी की चौलकडे येणारे गलबत खांदेरी-उंदेरीजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. वाहून आलेली प्रेते नवगावला पुरली, पुरुषांची एका ठिकाणी, स्त्रियांची दुसऱ्या. ते उंचवटे आजही दाखवतात. वाचलेल्यांनी तेल गाळण्याचा धंदा धरला. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. ज्या गावात राहिले त्या गावाचे आडनाव घेतले: नवगावकर, केहीमकर, झिराडकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. मालवणकर आणि वेंगुर्लेकरांना यात परके काही वाटणार नाही.

किनाऱ्यावर राहणाऱ्याला फुटलेल्या गलबताची कथा खोटी वाटत नाही. आमच्याकडे खडपांना नावे असतात आणि त्यांतली काही नावे बुडालेल्यांची असतात. पण चौदा हा आकडा मला खटकतो. परशुरामाने समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेते चितेवर शुद्ध करून उठवली, ही चित्पावनांची कथा सह्याद्रिखंडात आहे. तोच किनारा, तेच समुद्राने टाकलेले देह, तोच चौदाचा आकडा. कोणी कोणाची घेतली हे ठरवणे व्यर्थ आहे. या किनाऱ्यावर नव्याने आलेल्या माणसांनी आपली ओळख कशी सांगायची याचा एक साचा होता, आणि बेने इस्रायलांनी तो वापरला. म्हणजे ते इथले झाले होते.

लेखी पुरावा मात्र फार उशिराचा. १७३८ मध्ये सार्टोरिअस या मिशनऱ्याच्या पत्रात या लोकांचा उल्लेख येतो. त्याआधी मैमोनिदीस या मध्ययुगीन यहुदी पंडिताने एका पत्रात हिंदुस्थानातल्या यहुद्यांना शब्बाथ आणि आठव्या दिवशीची सुंता याखेरीज धर्माचे काही ठाऊक नाही असे म्हटले आहे; ठिकाणाचे नाव त्याने दिले नाही, पण वर्णन बसते. समाजाच्या आठवणीप्रमाणे त्यांना बाहेरच्या यहुद्यांशी जोडले ते दावीद राहबीने. त्याने घरच्या बायकांपुढे मासळी टाकली आणि रांधायला सांगितली. बायकांनी खवल्यांची मासळी वेगळी काढली, बिनखवल्यांची बाजूला सारली. राहबीला खात्री पटली. मोरी आणि वागळीवर पोसलेल्या मालवणी माणसाला त्या बायकांचे कौतुकच वाटेल. हा राहबी केव्हाचा, याविषयी एकमत नाही. कोचीनच्या राहबी घराण्यातला अठराव्या शतकातला दावीद यहेजकेल तो हाच, असे बरेच अभ्यासक धरतात.

मग अँटिओकस या कथेत केव्हा शिरला? समाजाचा पहिला मोठा इतिहास लिहिला तो हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी. मुंबईत १८७५ मध्ये इस्राएलाइट शाळा काढणारे हे गृहस्थ. त्यांनी इतिहास १८९७ मध्ये पुरा केला; तो छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीवला, लेखकाच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी. त्यांची मांडणी अशी: आमचे पूर्वज अँटिओकसच्या छळामुळे इ.स.पू. १७५ च्या सुमारास गालीलातून निघाले. पुरावा काय, तर आमच्यात हनुक्का नव्हता. इतर जुने सण होते, मक्काबींचा तेवढा नव्हता. म्हणजे आम्ही मक्काबींच्या आधी निघालो.

केहीमकरांनी दिलेली सणांची यादी हा माझ्या मते त्या पुस्तकाचा गाभा आहे. नव्याचा सण म्हणजे यहुदी नववर्ष. दारफाळणीचा सण म्हणजे योम किप्पूर, दारे लावून घरात बसायचे. खिरीचा सण, शिला सण, होळीचा सण, अणशी धाकाचा सण, बिरड्याचा सण. होळीचा म्हणजे पुरीम. अणशी म्हणजे आंबट पातळ पदार्थाचे भांडे. वल्हांडणात आंबवलेले चालत नाही म्हणून ते झाकून ठेवायचे. मंदिराच्या नाशाच्या शोकदिवशी बिरडे खायचे, म्हणून बिरड्याचा सण. एलिया हनबीचा उरूस. एलिया संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर दाखवतात आणि मलिद्याच्या ताटात पोहे, ओले खोबरे आणि गोड असते. हिब्रू नावे पुसली गेली होती, पोथ्या नव्हत्या, प्रार्थनेतला ‘शेमा इस्राएल’ तेवढा तोंडी उरला होता. पण सण स्वयंपाकघरात टिकले आणि त्यांना स्वयंपाकघरातली नावे मिळाली.

याच यादीमुळे मला केहीमकरांचा निष्कर्ष पटत नाही. जे टिकले ते पंचांगातल्या पक्क्या ऋतूंना आणि खाण्याला बांधलेले होते. हनुक्का तोरात नाही. त्याला उपवास नाही, काम बंद ठेवणे नाही. पोथी हरवली की असा सण आधी जातो. इथिओपियातल्या यहुद्यांतही हनुक्का नव्हता. आणि दिव्यातल्या एका दिवसाच्या तेलाने आठ दिवस निभावल्याची जी गोष्ट हनुक्काशी जोडलेली आहे ती मक्काबींच्या पुस्तकांत नाहीच, ती तालमुदातली आहे. तेल्यांच्या समाजाला तेलाचा सण ठाऊक नव्हता, यात पुरावा कमी आणि दैवाचा विनोद जास्त आहे.

१७५ हा आकडाही मला किनाऱ्यावरचा वाटत नाही. १७५ हे अँटिओकसच्या राज्यारोहणाचे वर्ष आहे. छळाची फर्माने निघाली १६७ मध्ये. छळाची आठवण असलेल्या माणसाने १६७ सांगितले असते. राजांच्या कोष्टकात बघणाऱ्याला १७५ सापडते. शिवाय लाल समुद्रातून मोसमी वाऱ्यावर थेट हिंदुस्थान गाठण्याची वाट ग्रीक खलाशांना माहीत झाली ती इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, आणि त्या वाटेवर वर्दळ झाली ती इसवी सनाच्या पहिल्या शतकात. अरब आणि आपले खलाशी आधीपासून ये-जा करत होते, म्हणून १७५ अशक्य म्हणता येणार नाही. पण ओढून आणलेले नक्कीच आहे. माझा तर्क असा: एकोणिसाव्या शतकात जॉन विल्सनसारख्या मिशनऱ्यांनी या समाजाला हिब्रू आणि जुना करार शिकवला. नव्या शिकलेल्या पिढीला आपला भूतकाळ ग्रंथात कुठे बसतो हे शोधायचे होते. तो त्यांनी दानीएलाच्या लहान शिंगापाशी बसवला. आणि पोर्फिरी खरा असेल तर त्यांच्या हिशेबाने पूर्वजांचे गलबत निघाले तेव्हा दानीएलाचे ते पुस्तक अजून लिहिलेही गेले नव्हते.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने बेने इस्रायलांत मध्यपूर्वेतल्या यहुद्यांचा आणि इथल्या लोकांचा असा दोन्ही वारसा स्पष्ट दाखवला. हे मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचे, म्हणजे साधारण हजार वर्षांच्या आतबाहेरचे. त्यावरून पूर्वज केव्हा निघाले हे ठरत नाही, इथे केव्हा मिसळले एवढेच कळते. पण आले होते, हे पक्के झाले.

हा सगळा पंडिती खल वाटेल. १९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले तेव्हा तो खल राहिला नाही. मुंबईत ज्या पुरातनतेचा अभिमान होता तीच यरुशलेममध्ये अडचण झाली. बावीस शतके वेगळे राहिलात, म्हणजे लग्न आणि घटस्फोटाचे रब्बींनी घालून दिलेले नियम तुम्हाला ठाऊक नव्हते. मग तुमच्यातल्या एखाद्या घटस्फोटितेचा पुनर्विवाह आणि त्याची संतती शास्त्राला धरून कशी? १९६१ मध्ये तिथल्या रब्बीमंडळाने या समाजाशी विवाह मान्य केला, पण १९६२ मध्ये सूचना काढल्या की बेने इस्रायल वधू किंवा वर असेल तर आई, आजी, पणजी असे शक्य तितके मागे जाऊन तपासावे. झिराड आणि पेणच्या आज्यांचे दाखले कुठून आणणार? १९६४ च्या उन्हाळ्यात समाजाने यरुशलेममध्ये धरणे धरले. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने बेने इस्रायल सर्व अर्थांनी यहुदी असल्याचे जाहीर केले आणि पुढे सूचनांतून समाजाचे नाव काढण्यात आले.

केहीमकरांच्या हिशेबाला धरले तर ही अडचण अलेक्झांडरपर्यंत जाते: बोकडाचे शिंग मोडले, चार उगवली, त्यांतल्या एकातून लहान शिंग फुटले, त्याच्या धाकाने गलबत निघाले, ते नवगावला फुटले, आणि लोक मूळच्या देशात परतले तेव्हा दारावर थांबवून विचारले गेले की मध्ये कुठे होता. माझ्या हिशेबाने या साखळीचे गलबताआधीचे दुवे ग्रंथातून जोडलेले आहेत आणि खरे वजन पुढच्या दुव्यांना आहे: शनिवारी बंद घाणा, बाजूला सारलेली बिनखवल्यांची मासळी, झाकलेले अणशीचे भांडे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या बाहेरच्या यहुद्यांनी आणि मिशनऱ्यांनी या समाजाला ओळखले ते अँटिओकसमुळे नव्हे, या गोष्टींमुळे.

आज अलिबागच्या इस्राएल आळीत १८४८ मध्ये स्थापन झालेले मागेन अबोथ हे प्रार्थनामंदिर आहे. आसपास राहणारी यहुदी कुटुंबे थोडी उरली आहेत. हनुक्का आता सगळीकडे होतो, इथे आणि इस्राएलमधल्या मराठी घरांतही. तो पुस्तकांबरोबर आला, छापील पंचांगातून आला. त्याच्या आधीच्या सणांना नव्याचा, खिरीचा, बिरड्याचा अशी नावे मिळाली होती. हनुक्का हा हनुक्काच राहिला.